वेगनौका : एक-एंजिनी व द्वि-एंजिनी रचना

वेगनौका : अंतर्ज्वलन एंजिनाच्या जोरावर पाण्यातून नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाण्यासाठी बांधलेली हलकी नौका. सामान्य नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते आणि त्याच स्थितीत पुढे सरकते. वेगनौका विशिष्ट वेग गाठल्यावर तळाखालील पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते आणि तिच्या तळाचा थोडाच भाग ओला राहतो. अशा नौकेत एक मोठे एंजिन बसवावे की दोन लहान, हा प्रश्न या नौकांइतकाच जुना आहे. शर्यतींचे आयोजक, नौकांचे अभिकल्पक, एंजिनांचे कारखानदार आणि स्वखर्चाने नौका बाळगणारे हौशी लोक यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि काही वेळा त्या उत्तरांची किंमत मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली आहे.

या विषयावरील चर्चेत एक घोटाळा वारंवार होतो. एंजिनांची संख्या आणि प्रचालकांची (पाण्यात फिरणाऱ्या मळसूत्री पंख्यांची) संख्या एकच मानली जाते. वस्तुतः हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोन एंजिने एकाच प्रचालकाला जोडता येतात, तशीच चार एंजिने दोन प्रचालकांनाही जोडता येतात. एंजिन नौकेच्या पोटात असते, ते वजन वाढवते. प्रचालक, त्याचा दंड, दंडाचे आधार व सुकाणू पाण्यात असतात आणि ते पाण्याची ओढ वाढवतात. वेगनौकांचा इतिहास हा भेद लक्षात ठेवून वाचला, तरच त्यातील यशापयशांचा अर्थ लागतो.

प्रारंभीच्या शर्यती : ब्रिटिश वृत्तपत्रस्वामी ॲल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १९०३ मध्ये एंजिन-नौकांसाठी आंतरराष्ट्रीय चषक ठेवला. पहिली शर्यत त्याच वर्षी आयर्लंडमधील क्वीन्सटाउन येथे झाली व ती ‘नेपियर’ या नौकेने ताशी सुमारे ३१ किमी. वेगाने जिंकली. या चषकाच्या नियमांत नौकेची कमाल लांबी ४० फूट (सु. १२·२ मी.) ठरविली होती, एंजिनाच्या सामर्थ्यावर मात्र कोणतीही मर्यादा नव्हती. लांबी बांधलेली आणि सामर्थ्य मोकळे, असा नियम असला की एका नौकेत शक्य तितकी एंजिने कोंबण्याचा मोह होणारच, आणि तसेच घडले.

त्या मोहाचा फोलपणा १९०८ मध्येच दिसून आला होता. अमेरिकेतील हंटिंग्टन येथे झालेल्या शर्यतीत ब्रिटिशांची ‘वुल्झली-सिडली’ ही दोन एंजिनांची, एकूण सुमारे ४०० अश्वशक्तीची नौका उतरली होती. तिच्याविरुद्ध ‘डिक्सी–२’ या अमेरिकी नौकेत जेमतेम निम्म्या सामर्थ्याचे एकच एंजिन होते. शर्यत चुरशीची झाली. पण जिंकली ती डिक्सी. १९१२ व १९१३ साली मात्र टॉमस सॉपविथ यांनी दोन ऑस्टिन एंजिनांच्या ‘मेपल लीफ–४’ या नौकेने चषक पटकावला. या नौकेच्या तळाला पायऱ्या होत्या आणि ती खऱ्या अर्थाने पाण्यावरून घसरणारी होती. तिच्या यशाचे श्रेय एंजिनांच्या जोडीला द्यावयाचे की तळाच्या आकाराला, याविषयी मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तळाचा वाटा अधिक मोठा आहे.

विमान-एंजिनांचा काळ : पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. अमेरिकेत युद्धासाठी मोठ्या संख्येने बनविलेली बारा सिलिंडरांची ‘लिबर्टी’ विमान-एंजिने युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळू लागली. प्रत्येक एंजिनाचे सामर्थ्य सुमारे ४०० अश्वशक्ती होते. डिट्रॉइटचे उद्योगपती गारफील्ड (गार) वुड यांनी अशी दोन एंजिने ‘मिस अमेरिका’ या नौकेत बसविली आणि १९२० मध्ये इंग्लंडला जाऊन हार्म्सवर्थ चषक जिंकून आणला. त्याच वर्षी त्यांनी ताशी सुमारे १२० किमी. वेगाचा विक्रमही केला.

वुड यांनी दोन एंजिने का निवडली, याचे उत्तर साधे आहे. ८०० अश्वशक्तीचे एकच एंजिन त्या वेळी त्यांना बाजारात मिळण्याजोगे नव्हते. द्वि-एंजिनी रचनेच्या बाजूने पुढे जी तात्त्विक समर्थने मांडली गेली, त्यांपैकी पुष्कळ नंतर सुचलेली आहेत. मुळात ती गरजेपोटी आलेली व्यवस्था होती. हीच पद्धत वुड यांनी पुढे बारा वर्षे वाढवीत नेली. त्यांच्या नौकांपुढे इतर स्पर्धक टिकेनात, तेव्हा अमेरिकेतील ‘गोल्ड कप’ शर्यतीच्या आयोजकांनी १९२२ मध्ये एंजिनाच्या घनफळावर ६२५ घन इंच (सु. १०·२ लिटर) अशी मर्यादा घालून विमान-एंजिनांच्या या राक्षसी नौकांना दार बंद केले. या निर्बंधामुळे एकाच मध्यम एंजिनाच्या, सुबक तळाच्या नौकांची एक चांगली परंपरा तेथे निर्माण झाली. जॉर्ज क्राउच यांची ‘बेबी बूटलेगर’ ही तिच्यातील नामवंत नौका.

सीग्रेव्ह आणि ‘मिस इंग्लंड’ : मोटारगाडीच्या वेगाचे विक्रम करणारे ब्रिटिश चालक सर हेन्री सीग्रेव्ह यांनी १९२९ मध्ये फ्लॉरिडातील मायामी येथे वुड यांना हरविले. अभिकल्पक फ्रेड कूपर यांनी आखलेल्या त्यांच्या ‘मिस इंग्लंड’ या नौकेत एकच नेपियर लायन एंजिन होते, तर वुड यांच्या नौकेत दोन पॅकार्ड एंजिने होती. एका एंजिनाचा हा मोठा विजय होता; परंतु ब्रिटिशांनी त्यातून काढलेला निष्कर्ष उलटाच होता. वुड यांचा पुरता पाडाव करण्यासाठी पुढील नौका अधिक सामर्थ्यवान हवी असे ठरले आणि ‘मिस इंग्लंड–२’ मध्ये श्नायडर चषकाच्या विमानांसाठी तयार केलेली दोन रोल्स-रॉइस ‘आर’ एंजिने बसविण्यात आली.

या नौकेची रचना अभ्यसनीय आहे. दोन्ही एंजिनांची शक्ती एका दंतचक्रपेटीत एकत्र करून ती एकाच दंडाला व एकाच लहानशा प्रचालकाला दिली होती. एंजिनाचे फेरे दंतचक्रांनी वाढवून प्रचालक मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फिरत असे. कूपर यांना दुसऱ्या प्रचालकाची ओढ नको होती. म्हणून त्यांनी एंजिने दोन घेतली, पण पाण्यात एकच प्रचालक उतरविला. त्याची किंमत दंतचक्रपेटी, दंड व प्रचालक यांवर पडणाऱ्या प्रचंड भाराच्या रूपाने द्यावी लागली. प्रचालकांच्या निवडीसाठी बराच काळ चाचण्या कराव्या लागल्या.

१३ जून १९३० रोजी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात सीग्रेव्ह यांनी ताशी १५८·९ किमी. असा नवा विक्रम केला आणि लगेच पुढची धाव घेतली. त्या धावेत नौका उलटली. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा आघात तळाला बसला असावा, असे मानले जाते. रोल्स-रॉइसचे अभियंता व्हिक्टर हॅलिवेल जागीच मरण पावले. सीग्रेव्ह यांचा त्याच दिवशी अंत झाला. तिसरे सहकारी मायकेल विलकॉक्स वाचले. अपघाताचे कारण एंजिन-योजना नव्हती. परंतु ताशी दीडशे किमी. वेगाने जाणाऱ्या नौकेच्या पातळ तळाला एखादे लाकूड किती घातक ठरते, हे त्या दिवशी जगाला कळले. एंजिनांचे वजन वाढले की तळ जड करण्यास वाव उरत नाही, हेही विसरता येत नाही.

नौका दुरुस्त करून के डॉन यांच्या हाती देण्यात आली. त्यांनी १९३१ मध्ये आर्जेंटिनात ताशी १६६·६ किमी. आणि इटलीतील गार्दा सरोवरात ताशी १७७·४ किमी. असे विक्रम केले. त्याच वर्षी डिट्रॉइट येथे हार्म्सवर्थ चषकाच्या पहिल्या फेरीत त्यांनी वुड यांना मागे टाकले. दुसऱ्या फेरीत दोघेही संकेताआधी प्रारंभरेषा ओलांडून गेल्यामुळे बाद ठरले, डॉन यांची नौका वळणावर उलटली आणि मागून सावकाश आलेले वुड यांचे बंधू जॉर्ज विजयी झाले. या शर्यतीचा वाद अमेरिका व इंग्लंडच्या वृत्तपत्रांत दीर्घकाळ गाजला. पुढच्या वर्षीच्या ‘मिस इंग्लंड–३’ मध्ये त्याच जातीची दोन एंजिने, पण दोन स्वतंत्र प्रचालक अशी रचना होती. स्कॉटलंडमधील लोमंड सरोवरात जुलै १९३२ मध्ये तिने ताशी १९२·८ किमी. वेग गाठला.

चार एंजिने विरुद्ध एक : वुड यांचे उत्तर होते ‘मिस अमेरिका–१०’. सुमारे ११·६ मी. लांबीच्या या नौकेत चार पॅकार्ड एंजिने दोन-दोनच्या जोड्यांत मांडून दोन प्रचालकांना जोडली होती. एकूण सामर्थ्य ६,४०० अश्वशक्तीच्या घरात होते. सप्टेंबर १९३२ मध्ये या नौकेने ताशी २००·९ किमी. असा विक्रम केला. बहु-एंजिनी पद्धतीचा हा कळस होय.

पुढल्याच वर्षी ह्यूबर्ट स्कॉट-पेन हे ब्रिटिश नौकाबांधणीकार ‘मिस ब्रिटन–३’ घेऊन अमेरिकेत गेले. त्यांची नौका अवघी ७·५ मी. लांब होती, तिच्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे जडविले होते आणि आत १,३७५ अश्वशक्तीचे एकच नेपियर लायन एंजिन होते. सामर्थ्याचे प्रमाण साडेचारपटींहून अधिक विषम होते. वुड यांनी चषक राखला. पण स्कॉट-पेन यांनी त्यांना इतके झुंजविले की किनाऱ्यावरील प्रेक्षकांची सहानुभूती या छोट्या नौकेकडे वळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘मिस ब्रिटन–३’ ने इंग्लंडच्या किनारी पाण्यात ताशी १६१ किमी. वेग गाठला. ही नौका आज ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

चार वर्षांनी या वादाचा निकाल लागला. सर माल्कम कॅम्बेल यांच्या ‘ब्लू बर्ड के–३’ या नौकेत रोल्स-रॉइस ‘आर’ जातीचे एकच एंजिन होते आणि नौका कूपर यांनीच आखलेली होती. दोन हजारांहून थोड्या अधिक अश्वशक्तीवर तिने सप्टेंबर १९३७ मध्ये मॅजिओरे सरोवरात ताशी २०३·३ व दुसऱ्याच दिवशी २०८·४ किमी. वेग गाठून वुड यांचा विक्रम मोडला. वुड यांच्या नौकेच्या एक-तृतीयांश सामर्थ्यात हे साधले होते. १९३८ मध्ये तिने स्वतःचाच विक्रम ताशी २१०·६ किमी.पर्यंत नेला. नंतरच्या ‘ब्लू बर्ड के–४’ मध्येही एकच एंजिन होते. मात्र तिची काया तीन बिंदूंवर टेकून धावणारी होती. ऑगस्ट १९३९ मध्ये कॉनिस्टन सरोवरात तिने ताशी २२८·१ किमी. वेग नोंदविला.

गणित व यांत्रिकी : वर दिलेल्या आकड्यांमागचा हिशोब क्राउच यांनी एका सोप्या सूत्रात बसविला आहे. पाण्यावरून घसरणाऱ्या नौकेचा वेग हा सामर्थ्य भागिले वजन या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रमाणांक तळाच्या आकारावर ठरतो. वजन न वाढविता सामर्थ्य दुप्पट करता आले, तर वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढेल. परंतु वजन न वाढविता दुसरे एंजिन बसविता येत नाही.

उदाहरणादाखल, माणसे व इंधन धरून १,५०० किग्रॅ. वजनाची नौका आणि ४५० किग्रॅ. वजनाचे ३०० अश्वशक्तीचे एंजिन घेऊ. एकूण वजन १,९५० किग्रॅ. होईल. तसेच दुसरे एंजिन बसविले आणि जादा इंधन व मजबुतीसाठी आणखी १५० किग्रॅ. धरले, तर वजन २,५५० किग्रॅ. होते. सामर्थ्य दुप्पट झाले, तरी सूत्रानुसार वेग फक्त सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो आणि दुसऱ्या प्रचालकाची ओढ त्यातूनही काही हिरावून घेते. याउलट एकूण सामर्थ्य तेवढेच, म्हणजे ३०० अश्वशक्तीच ठेवून प्रत्येकी ३०० किग्रॅ. वजनाची १५० अश्वशक्तीची दोन एंजिने बसविली, तर वेग वाढण्याऐवजी तीन-चार टक्क्यांनी घटतो. तेवढ्याच सामर्थ्यात एक एंजिन नेहमी अधिक वेगवान ठरते, हा नियम यातून निघतो आणि त्याला अपवाद फार थोडे आहेत.

ओढीचा विचार याहून महत्त्वाचा आहे. ताशी शंभर किमी.च्या पुढे नौकेचा तळ बव्हंशी पाण्याबाहेर असतो. पाण्यात उरतात ते दंड, आधार, सुकाणू व प्रचालकाचे कणे. एकूण रोधाचा मोठा हिस्सा आता त्यांचा असतो, आणि ते दुप्पट केले की रोधाचा हा हिस्साही जवळपास दुप्पट होतो.

एका एंजिनाचा खरा दोष वेगळा आहे. प्रचालक ज्या दिशेने फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेला नौका कलंडू पाहते. मागून पाहता प्रचालक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर नौका डावीकडे झुकते. अरुंद, खोल तळाच्या हलक्या नौकेत मोठे एंजिन असले, तर हा कल चालकाला सतत जाणवतो. दोन प्रचालक परस्परविरुद्ध दिशांनी फिरविले की दोन्ही प्रतिक्रिया एकमेकींना छेदतात. शिवाय धक्क्याला लागताना एक प्रचालक पुढे व दुसरा मागे चालवून नौका जागच्या जागी वळविता येते. गर्दीच्या बंदरात ही सोय फार मोलाची असते.

अर्धनिमग्न प्रचालक : दुसऱ्या महायुद्धानंतर एक-एंजिनी पद्धतीला आणखी बळ मिळाले. सीॲटल येथे टेड जोन्स, अँकर जेन्सन व स्टॅनली सेअर्स यांनी घडविलेल्या ‘स्लो-मो-शुन–४’ या नौकेने जून १९५० मध्ये वॉशिंग्टन सरोवरात ताशी २५८ किमी. आणि १९५२ मध्ये २८७·३ किमी. वेग गाठला. तिच्यात एकच ॲलिसन विमान-एंजिन होते. पूर्ण वेगात तिची पिछाडी प्रचालकाच्या आधाराने उचलली जाई आणि प्रचालकाचा निम्मा भाग पाण्याबाहेर राही. अशा नौकेला मागे एकच टेकू पुरतो. दुसरा प्रचालक तिच्या तत्त्वातच बसत नाही. १९६२ मध्ये ‘मिस यू. एस.–१’ ही प्रचालकावर चालणारी नौका ताशी ३२२·५ किमी.पर्यंत पोहोचली, तीही एकाच मर्लिन एंजिनावर. प्रचालकविरहित झोत-एंजिनांच्या नौका प्रस्तुत विषयाच्या बाहेरच्या आहेत. तरी डॉनल्ड कॅम्बेल यांची ‘ब्लूबर्ड के–७’ आणि १९७८ मध्ये ताशी ५११ किमी.चा विक्रम करणारी केन वॉर्बी यांची ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ या दोन्ही एक-एंजिनीच होत्या, हे नमूद करावयास हवे.

खुल्या समुद्रातील नौका : सरोवरातील विक्रम आणि समुद्रातील प्रवास यांत मूलभूत फरक आहे. सरोवरात एंजिन बंद पडले तर विक्रम हुकतो. समुद्रात तसे झाले तर लाटांकडे बाजू करून पडलेली नौका बुडू शकते. अमेरिकेत १९५६ पासून मायामी ते नॅसॉ आणि इंग्लंडमध्ये सर मॅक्स एटकिन यांच्या पुढाकाराने १९६१ पासून काउझ ते टॉर्की अशा लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांत द्वि-एंजिनी रचनेचा पुन्हा उत्कर्ष झाला. रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळामुळे नौका उंच लाटांवर आपटण्याऐवजी त्या चिरीत जाऊ लागली. रिचर्ड बर्ट्रम यांच्या ‘मॉपी’ या सुमारे ९ मी. लांबीच्या नौकेने १९६० ची नॅसॉ शर्यत खवळलेल्या समुद्रात आठ तासांत जिंकली; तिच्यात दोन लिंकन एंजिने होती. खोल तळाच्या नौकेला घसरण्यासाठी सामर्थ्य अधिक लागते आणि मोटारगाडीच्या एंजिनांत तेवढे सामर्थ्य एकट्याने देणारे एंजिन सापडत नव्हते. येथेही मूळ कारण बाजारपेठेचेच होते, सुरक्षिततेचे कारण त्याला जोडून आले.

या क्षेत्रातील अत्यंत कल्पक अभिकल्पक रेनातो (सनी) लेव्ही यांचा मुंबईशी निकटचा संबंध होता. कराचीत १९२६ मध्ये जन्मलेल्या लेव्ही यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईतील ‘ॲफ्को’ या नौकाबांधणी कंपनीत उमेदवारीची वर्षे काढली आणि नाळेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आपल्या ‘डेल्टा’ तळाची पहिली रूपे येथेच घडविली. अरबी समुद्रातील गलबतांच्या सान्निध्यातून आरंभ झाल्याची खूण त्यांच्या १९७१ मधील ‘धौज टू डेल्टाज’ या ग्रंथाच्या नावातच आहे. १९६० च्या सुमारास ते इटलीला गेले. त्यांच्या ‘आ’स्पेरान्झिएला’ने १९६३ ची काउझ-टॉर्की शर्यत जिंकली. १९६७ मध्ये चार्ल्स व जिमी गार्डनर या बंधूंनी त्यांच्याच ‘सर्फ्युरी’ या नौकेने ती जिंकली. सर्फ्युरीमध्ये दोन एंजिने एकामागे एक मांडून एकाच प्रचालकाला जोडली होती. सीग्रेव्ह यांच्या नौकेतील कल्पना अशा रीतीने सदतीस वर्षांनी खुल्या समुद्रात यशस्वी झाली. या व्यवस्थेत वजन नौकेच्या मध्यरेषेवर राहते, पाण्यातील ओढ एकाच प्रचालकाची असते आणि सामर्थ्य दोन एंजिनांचे मिळते. तिचा प्रसार मात्र झाला नाही, कारण तिच्यासाठी लागणारी जोडणी खर्चिक व देखभालीला किचकट आहे. १९८६ मध्ये अटलांटिक महासागर तीन दिवस आठ तास व एकतीस मिनिटांत ओलांडणारी ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर–२’ ही २२ मी. लांबीची नौकाही लेव्ही यांचीच; तिच्यात प्रत्येकी सुमारे २,००० अश्वशक्तीची दोन डीझेल एंजिने होती. हजारो किमी.च्या अशा प्रवासाला एका एंजिनावर निघण्याचे धाडस कोणताही सुज्ञ अभिकल्पक करणार नाही.

अर्ध्या सामर्थ्याचा भ्रम : ‘एक एंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी येता येते,’ हा द्वि-एंजिनी नौकेच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आहे. तो खरा आहे, पण विक्रेते सांगतात तितका नव्हे. पाण्यावर चढण्यासाठी नौकेला एका टप्प्यावर मोठा रोध ओलांडावा लागतो. एका एंजिनाच्या जोराने पुष्कळ नौकांना तो ओलांडता येत नाही आणि त्या पोट पाण्यात ठेवून रखडत चालतात. दोन एंजिनांसाठी निवडलेला प्रचालक एकट्या एंजिनाला जड जातो, त्यामुळे ते पूर्ण फेरे घेऊ शकत नाही व तापते. बंद एंजिनाचा प्रचालक पाण्यात आडकाठी करीत राहतो. ताशी ७० किमी. वेगाची नौका अशा वेळी ताशी १२–१५ किमी. वेगाने परतते. तेवढेही पुष्कळ असते, यात शंका नाही. वादळ येण्यापूर्वी बंदर गाठण्यास मात्र ते पुरेलच असे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे समुद्रात एंजिन बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण इंधनात मिसळलेले पाणी किंवा गाळ हे असते. दोन्ही एंजिने एकाच टाकीतून व एकाच गाळणीतून इंधन घेत असतील, तर ती काही मिनिटांच्या अंतराने दोन्ही बंद पडतात. दोन टाक्या, दोन गाळण्या व दोन विद्युत्‌घट नसतील, तर दुसरे एंजिन म्हणजे निव्वळ वजन होय.

जाळी व दोर यांचाही विचार करावा लागतो. मध्यरेषेवरील एकट्या प्रचालकाला पुढील नौतळाचे संरक्षण मिळते; दोन्ही अंगांना असलेले प्रचालक उघडे पडतात. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांत मध्यरेषेवर एकच डीझेल एंजिन बसविण्याची रीत आहे. तिच्यामागे काटकसर तर आहेच, पण पसरलेल्या जाळ्यांतून जाणाऱ्याला ती रचना सोयीचीही पडते.

नवी साधने : १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘ॲक्वामॅटिक’ हे साधन बाजारात आणले. यात एंजिन नौकेत पिछाडीला असते आणि प्रचालकाचा पाय बाहेर टांगलेला असतो. तो वळविता व वर उचलता येतो. अमेरिकी अभियंते जिम विन यांचा या कल्पनेत मोठा वाटा होता. लांब दंड व सुकाणू नाहीसे झाल्यामुळे एका प्रचालकाची ओढ कमी झाली आणि पर्यायाने दुसऱ्याची किंमतही उतरली. १९८२ मध्ये त्याच कंपनीने एकाच पायावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन प्रचालक बसविलेली ‘ड्युओप्रॉप’ रचना आणली. पिळाच्या प्रतिक्रियेमुळे एका एंजिनाला नाकारण्याचे जुने कारण तिने जवळजवळ निकालात काढले.

दुसऱ्या बाजूने आउटबोर्ड एंजिनांनी उलटी दिशा घेतली. पिछाडीच्या फळीवर टांगलेली ही एंजिने बदलण्यास सोपी, नौकेतील जागा न अडविणारी आणि उथळ पाण्यात वर उचलता येणारी असतात. त्यांचे सामर्थ्य वाढत गेले, तशी तीन, चार, क्वचित पाच एंजिने ओळीने टांगलेल्या नौकाही दिसू लागल्या. वुड यांच्या काळातील बहु-एंजिनी हव्यासाची ही पुनरावृत्ती वाटते. फरक एवढाच की, आता तिच्यामागे चषक नसून ग्राहकाची हौस आहे. २०२१ मध्ये मर्क्युरी कंपनीने बारा सिलिंडरांचे ६०० अश्वशक्तीचे आउटबोर्ड एंजिन विक्रीस आणले. पूर्वी ज्या कामाला दोन एंजिने लागत, ते त्यामुळे एकाने होऊ शकते.

निवडीचे निकष : ७ मी.पर्यंतच्या, किनाऱ्याजवळ अगर सरोवरात वापरावयाच्या नौकेला एक एंजिन योग्य होय. वजन, इंधन, देखभाल व वेग या चारही बाबतींत ते सरस ठरते. ९ मी.च्या पुढे, विशेषतः खोल ‘व्ही’ तळ असलेल्या व किनारा दृष्टीआड जाईपर्यंत समुद्रात नेण्याच्या नौकेला दोन एंजिने घ्यावीत. मात्र त्यांचे इंधनमार्ग स्वतंत्र असावेत आणि एकट्या एंजिनावर नौका चालवून पाहण्याची चाचणी खरेदीपूर्वी घ्यावी. जुळ्या कायेच्या नौकेत प्रत्येक कायेत एक एंजिन सहज सामावते, म्हणून तेथे सहसा दोन एंजिनेच बसवितात. पण एकाच चालकाच्या लहान शर्यती नौकांत दोन कायांच्या मधोमध एकच आउटबोर्ड टांगतात व ते समाधानकारक चालते. ७ ते ९ मी. या मधल्या टप्प्यातील नौकांबाबत कोणताही सरसकट नियम सांगता येत नाही. तेथे तळाचा कोन, इंधनाची टाकी कोठे आहे, पिछाडीला किती वजन पेलते आणि नौका कोणत्या पाण्यात जाणार आहे, हे पाहूनच ठरवावे लागते. एका एंजिनासाठी आखलेल्या नौकेत मागाहून दोन बसविण्याचा प्रयोग सहसा फसतो. पिछाडी दबते, नाळ वर येते व नौका वेग घेण्याऐवजी उड्या मारू लागते.